नीटबाईंचं फिनिशिंग

नीटबाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने निरोपसमारंभ ठेवला आणि मोठ्या बाईंनी मला त्यांच्याविषयी दोन शब्द बोलायला सांगितलं. एकवीस वर्षं आमच्या दोघींच्या वर्गांत एकच भिंत होती, पलीकडे त्यांचा बालवर्ग आणि अलीकडे माझी पहिली, तेव्हा माझ्याइतकं त्यांना ओळखणारं दुसरं कोण, असं मोठ्या बाईंचं म्हणणं. मी घसा बसल्याचं सांगितलं. घसा चांगला ठणठणीत होता. पण जे दोन शब्द तोंडाशी आले होते ते हातात गुच्छ देताना बोलण्यासारखे नव्हते. म्हणून इथे लिहिते आहे, आणि लिहायला बसल्यावर दोनाचे बरेच झाले आहेत.

‘नीटबाई’ हे नाव त्यांना मुलांनी दिलं की मावशींनी, कोण जाणे. नीट बस, नीट धर, नीट पूस, नीट रंगव, हे भिंतीपलीकडून दिवसभर ऐकू यायचं. बाई स्वतःही तशाच. रुमालाची घडी चौकोनी, केसांचा भांग पट्टीने आखल्यासारखा. मधल्या सुट्टीत त्या पावाचे सारखे आठ तुकडे करायच्या आणि शेवटी डब्याच्या झाकणात पडलेला भुगा ओल्या बोटाने टिपून खायच्या. मी समोर बसायचे आणि माझं खाणं घशाखाली उतरायचं नाही. एखाद्याच्या स्वच्छतेची घाण वाटावी हे जरा विचित्रच, पण मला वाटायची.

बालवर्ग म्हणजे काय असतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी उगाच नाक मुरडू नये. तिथे शेंबूड असतो, लाळ असते, चघळून चघळून चपटे झालेले मेणाचे खडू असतात आणि दुपारपर्यंत सगळ्या खोलीला खडू, ओले मोजे आणि डिंक यांचा मिळून एक वास सुटतो. मला त्याची कधी किळस आली नाही. चार वर्षांच्या पोराने शेंबडाचं बोट माझ्या कपड्याला पुसलं तर मी तो पुसून कामाला लागते. मला किळस होती ती त्या वासातून बाहेर पडणाऱ्या नीटबाईंच्या फायलींची.

आमच्या शाळेत मोठ्या सुट्टीच्या आधीचे तीन आठवडे बालवर्गाला सुट्टीची चित्रं रंगवायला द्यायची पद्धत आहे. छापील रेघांची बारा पानं. होडी, तंबू, आगगाडी, छत्री, डोंगर, चेंडू, अशी सुट्टीतली मौजमजा. तीन आठवड्यांत मुलांनी ती रंगवायची, प्रत्येकाची फाईल करून तिला फीत बांधायची, आणि शेवटच्या दिवशी सगळ्या फायली बाकांवर मांडून पालकांना बोलवायचं. ज्या वर्गाच्या फायली उत्तम त्या वर्गाला ढाल. बालवर्गाच्या तीन तुकड्या होत्या, पण ढाल एकाच भिंतीवर असायची. बाकीच्या दोघी बाई नंतर नंतर तिकडे बघायच्यासुद्धा नाहीत.

चार वर्षांच्या मुलाला होडी रंगवायला दिली की काय होतं ते मला पाठ आहे. आधी खडूवरचा कागद सोलायचा. मग शेजाऱ्याचा खडू आपला आहे असं सांगून रडायचं. मग होडी राहते बाजूला आणि पोरगं पाण्याच्या रेघेपासून जे सुटतं ते बाकावर जाऊन थांबतं. कुणी होडीला जांभळी करतं, कुणी एकाच ठिकाणी इतकं घासतं की कागदाला भोक पडतं आणि मग त्या भोकातून पलीकडे बघत बसतं. दोन पोरं तर रंगवतच नाहीत. नीटबाईंच्या वर्गात मात्र छत्तीसच्या छत्तीस होड्या तपकिरी, पाणी निळं, आणि रेघेबाहेर ठिपका नाही. लोक म्हणायचे, काय वळण लावलंय बाईंनी मुलांना.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी मी दुपारी खडू मागायला म्हणून पलीकडे गेले आणि वळण कसं लावतात ते पाहिलं. मुलं बाराला घरी गेली होती. नीटबाई आणि त्यांच्या वर्गातल्या मावशी छोट्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. मावशी ब्लेडच्या टोकाने रेघेबाहेर गेलेला मेणाचा रंग खरवडत होत्या आणि नीटबाई राहिलेली जागा भरत होत्या, तीही डाव्या हाताने. मी विचारलं, डाव्या हाताने का? त्या म्हणाल्या, उजव्याने केलं की मोठ्या माणसाचं वाटतं. भरून झालं की कापसाच्या बोळ्याने पुसायचं, म्हणजे मुलाचा रंग कुठे संपला आणि बाईंचा कुठे सुरू झाला ते देवालाही कळू नये. फारच बिघडलेलं पान असेल तर ते टोपलीत टाकून नवं पान घ्यायचं. याला त्या फिनिशिंग म्हणायच्या. कोण कसा खडू दाबतो, कोण आडवं घासतो, कोण गोल गोल फिरवतो, हे छत्तीस पोरांचं त्यांना तोंडपाठ होतं. ही माहिती त्यांनी दुसऱ्या कुठल्या कामाला लावली असती तर मी त्यांच्या पाया पडले असते.

मी तळपायाची आग मस्तकात घेऊन मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पालक खूश आहेत ना, मग तुमच्या पोटात का दुखतंय? दुखत होतं हे खरं आहे, आणि नुसत्या तत्त्वाने नाही, तेही सांगून टाकते. नीटबाईंची मुलं पुढच्या वर्षी माझ्याकडे यायची. त्यांच्या आया पहिल्याच महिन्यात वही घेऊन उभ्या. बालवर्गात इतकं सुरेख रंगवायची, तुमच्याकडे येऊन बिघडली. एकवीस वर्षं मी बिघडवणारी बाई होते.

पण याहून मनातून न जाणारी गोष्ट वेगळी. फायली मांडल्या की मुलंही आईबापांबरोबर यायची. दर वर्षी एखादं तरी पोर आपली फाईल उघडून म्हणायचं, हे माझं नाही. आई म्हणायची, असं नाही बोलू, बघ, तुझंच नाव आहे. पोर परत एकदा पानाकडे बघायचं, मग आईकडे, मग नीटबाईंकडे. नीटबाई हसून मान हलवायच्या. आणि मग ते पोर म्हणायचं, हो, माझं आहे. मला तिथेच ओकारी यायची. पण मीही मूग गिळून बसले, वर्षानुवर्षं. भिंतीपलीकडे ब्लेड खरखरायचं आणि अलीकडे मी पाढे घ्यायचे.

नीटबाईंच्या घरी मी एकदाच गेले, त्यांना ताप होता तेव्हा. भाऊ आणि भावजय यांच्या घरात मागची एक खोली त्यांची. भावजयीने मला दारातच सांगून टाकलं की वन्सं नाकाने कांदे सोलतात, त्यांना कुणाचं धुतलेलं भांडं चालत नाही. खोलीत भिंतीला टेकवलेला एक जुना फळा होता, चित्रकलेचा. तापात माणूस जरा मोकळं होतं, म्हणून त्या बोलल्या असतील. त्यांना चित्रकलेची शिक्षिका व्हायचं होतं. परीक्षेला दोनदा बसल्या, दोनदा नापास. समोर ठेवलेल्या तांब्याचं चित्र हुबेहूब काढलं, रंग तर असे भरले की परीक्षक बघत राहिले. पण ‘मनाने चित्र काढा’ असा प्रश्न आला की कागद कोरा. काय काढू ते सुचायचंच नाही, म्हणाल्या. मला क्षणभर वाईट वाटलं. मग त्यांनी उशाखालून डबा काढला. त्यात टोक केलेले छत्तीस खडू रंगाच्या क्रमाने लावलेले होते. माझं वाईट वाटणं तिथेच आटोपलं.

आता त्या वर्षाचं सांगते.

शाळेच्या फाटकासमोर एक किल्ल्या करून देणारा बसतो. चांगला माणूस, जरा बोलघेवडा. त्याची मुलगी नीटबाईंच्या वर्गात होती. तिला सगळी शाळा किल्लीच म्हणायची. चुणचुणीत पोरगी, आल्या आल्या सगळ्यांच्या चपला ओळीत लावायची. तिचे मोजे कायम घोट्यापाशी जमा झालेले. आई एका धुलाईच्या दुकानात इस्त्रीला होती.

सुट्टीची चित्रं सुरू होऊन दोन आठवडे झाले असतील. दुपारी मी नीटबाईंकडे चहा घ्यायला गेले. ब्लेडच्या खरखरीत चहा प्यायची सवय झाली होती मला एव्हाना, कोडगेपणा दुसरा कशाला म्हणतात. त्यांनी एक पान माझ्यासमोर धरलं. चेंडूचं होतं. चेंडूचा डावा भाग छान लाल, दाबून दाबून रंगवलेला, आणि उजवा भाग पांढरा फटक. नीटबाई म्हणाल्या की ही किल्ली अलीकडे फार आळशी झाली आहे, अर्धं रंगवते आणि झालं म्हणून खडू ठेवते. पूर्ण कर म्हटलं तर म्हणते, पूर्णच केलंय. उलट उत्तरं द्यायला शिकली आहे.

मी विचारलं, रोज असंच? त्या म्हणाल्या, रोज, आणि तेही उजवीकडचंच. मी म्हटलं, कंटाळत असेल. एवढंच म्हटलं मी. बावीस-तेवीस वर्षांची नोकरी, शेकडो पोरं हाताखालून गेलेली, आणि दोन आठवडे एक पोर कागदाची एकच बाजू सोडतंय, तर माझ्या डोक्यात आलं काय, तर कंटाळा. नीटबाईंनी पान पुढ्यात घेतलं आणि डाव्या हाताने चेंडू पुरा केला.

शेवटच्या आदल्या दिवशी त्यांचं मनगट सुजलं होतं. चार-पाच फायली राहिल्या होत्या. त्यांनी मला विचारलंही नाही, नुसतं किल्लीचं होडीचं पान आणि तपकिरी-निळे दोन खडू माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवले. होडी अर्धी, पाणी अर्धं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मावशी बघत होत्या, उशीर झाला होता, आणि एक पान भरल्याने काय आकाश कोसळणार होतं. मी डाव्या हाताने होडी आणि पाणी भरलं. खरं सांगते, मजा आली. रंग रेघेला जाऊन टेकला की आतून गार वाटतं. नीटबाईंनी कापूस फिरवला आणि म्हणाल्या, हात चांगला आहे की तुमचा. त्या शाबासकीने मी खूश झाले. आज ते आठवलं की हात साबणाने धुवावासा वाटतो.

दुसऱ्या दिवशी फायली मांडल्या. किल्लीवाला दुकान बंद करून धुतलेला शर्ट घालून आला. त्याने मुलीची फाईल उघडली आणि एकेक पान असं उलटलं की जणू कागद दुखावतील. त्याची बायको मागे उभी होती. तिचं लक्ष फायलीत नव्हतं. तिने नीटबाईंना हळूच विचारलं की वर्गात हिला काही त्रास होतो का, कारण घरी ती दाराच्या चौकटीला धडकते, आणि डब्यातला उजवा कप्पा रोज न खाता परत येतो. विचारलं तर म्हणते, डब्यात दुसरं काही नव्हतंच.

मी दोन हात अंतरावर उभी होते. मला सगळं ऐकू आलं. नीटबाईंनी काय सांगावं? त्या म्हणाल्या की मुलगी अगदी मन लावून काम करते, फाईलच बघा ना. दुसरं काय बोलणार होत्या त्या, फाईल उघडी पडली होती समोर. किल्लीवाला हसला आणि बायकोला म्हणाला, “बघ, एवढ्याशा पोरीचा रंग कुठे रेघेबाहेर गेलाय का? तिचे डोळे चांगले आहेत. तुझेच तपासून घे.” बायकोही हसली. तिला ते पटलं. कुणालाही पटलं असतं, बारा पानांचा पुरावा होता. ती त्या आठवड्यात मुलीला डॉक्टरकडे नेणार होती, असं तिने नंतर मला सांगितलं. मग नेलं नाही. सहा आठवड्यांची सुट्टी होती.

शाळा उघडली त्या दिवशी किल्लीवाल्याचं दुकान बंद होतं. पाचव्या दिवशी नवराबायको दोघंही शाळेत आली, हातात तीच फाईल. मुलगी सुट्टीच्या शेवटी जिन्यावरून पडली होती. इस्पितळात तपासलं तेव्हा कळलं की उजवीकडचं तिला दिसतच नाही. डोळे ठीक होते, डोक्याच्या आत काहीतरी होतं, आणि ते नक्की काय यावर डॉक्टरांचं अडलं होतं. किल्लीवाल्याने आपल्या परीने समजावून सांगितलं. हे अचानक आलं असेल तर ती सूज आहे आणि औषधाने उतरेल. हळूहळू वाढत आलं असेल तर गाठ आहे, आणि मग थांबून चालणार नाही, डोकं उघडावं लागेल. डॉक्टरीण बाईंनी विचारलं होतं, मुलीची आधीची चित्रं आहेत का. यांनी फाईल नेऊन दाखवली. बायकोने चौकटीला धडकण्याचं आणि डब्याचं सांगितलं होतं, पण फाईल बघून डॉक्टरीण बाई म्हणाल्या की सुट्टी लागेपर्यंत तर हिला सगळं व्यवस्थित दिसत होतं, म्हणजे अचानकच आलंय. चार दिवस सुजेवरचं औषध चालू होतं. गुण येत नव्हता. म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं होतं की अजून काही जुनं असेल तर आणा.

“बाई, याच्या आधीची एखाददोन मिळतील का?” किल्लीवाल्याने विचारलं. “हिने किती छान रंगवलं होतं ते सगळ्या नर्सबाईसुद्धा बघून गेल्या.”

नीटबाईंनी फायलीची फीत सरळ केली आणि म्हणाल्या की आधीचं काही ठेवलेलं नाही, शेवटच्या दिवसापर्यंत तिने अगदी असंच रंगवलं, हीच खरी फाईल.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. माणसाच्या तोंडून एवढं स्वच्छ खोटं निघताना मी पाहिलं नव्हतं. एक शब्द अडखळला नाही. नवराबायको मान हलवून जिन्याकडे वळली तेव्हा मी नीटबाईंचा दंड धरून त्यांना वर्गात ओढलं आणि आत्ताच्या आत्ता त्यांना खरं सांगा म्हटलं. त्या माझी बोटं एकेक करून सोडवत म्हणाल्या की झाकली मूठ आहे ती झाकली राहू द्या. एक फाईल उघडली की एकवीस वर्षांच्या सगळ्या उघडतील. आणि डॉक्टरांना यंत्रांतून दिसत नाही ते आपल्या होडीतून काय दिसणार?

मी म्हटलं, तुम्ही सांगणार नसाल तर मी सांगते.

“सांगा की,” नीटबाई म्हणाल्या. “होडी तुमच्या हातची आहे, तेही सांगा.”

एवढी शिसारी मला आयुष्यात कुणाची आली नव्हती, आणि त्यातली निम्मी माझी मलाच होती. मी जिना उतरून धावत फाटकापर्यंत गेले. बंद दुकानापाशी दोघांना गाठलं आणि भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या समोर, सगळं सांगितलं. ब्लेड, कापूस, डावा हात, चेंडू, होडी. किल्लीवाल्याला आधी कळलंच नाही. तो म्हणाला, म्हणजे शिकवताना हात धरून रंगवून घेतलंत का? बायकोला पहिल्या वाक्यातच कळलं होतं. तिने नवऱ्याच्या हातातून फाईल काढून घेतली, उघडली, आणि विचारलं, “यात माझ्या मुलीचं कुठपर्यंत आहे?”

मी पान बघितलं. आगगाडीचं होतं. मला सांगता येईना. डबे हिरवे, सगळे एकसारखे, इंजिनापासून शेवटपर्यंत. दुसरं पान, तिसरं पान, कुठेच सांधा दिसेना. माझी होडीसुद्धा मला ओळखू येईना.

मागून चपलांचा आवाज आला. नीटबाई होत्या. पर्स खांद्याला, रुमाल हातात. त्यांनी फायलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, त्यांना नाही कळायचं ते, माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. चला. मला वाटलं होतं की पाझर फुटला असेल. पण तो आवाज मी ओळखत होते. ढाल घेताना लागायचा तोच आवाज. आपलं काम इतकं बेमालूम आहे याचा त्या बाईला त्या क्षणीसुद्धा अभिमान वाटत होता, आणि त्या अभिमानापायीच ती इस्पितळात यायला निघाली होती. कारण काही का असेना, मी रिक्षाला हात केला.

डॉक्टरीण बाईंची खोली लहान होती. टेबलावर कागदांचा ढीग, खिडकीत वाळलेलं रोपटं. त्यांनी माझं बोलणं ऐकून घेतलं, कपाळावर आठीसुद्धा आणली नाही आणि नीटबाईंच्या समोर एक काळं पेन ठेवलं. म्हणाल्या, मुलीचा रंग जिथे संपला तिथे रेघ मारा, तारखांच्या क्रमाने.

नीटबाईंनी चष्मा पुसला. पहिलं पान तंबूचं. त्यांनी ते उजेडात तिरपं धरलं, बोटाचं पेर रंगावरून फिरवलं, आणि उजव्या कडेपासून दोन बोटं आत एक उभी रेघ मारली. हात जराही हलला नाही. दुसरं पान, अडीच बोटं. तिसऱ्याला त्या थांबल्या, पान उलटून मागची बाजू पाहिली, मग रेघ मारली. रेघ आत आत येत होती. होडीचं पान आलं तेव्हा त्यांनी पेन माझ्यापुढे केलं. पण मला तर दिसत नव्हतं. मी मान हलवली. मग त्यांनीच मारली, शिडाच्या जवळजवळ मधोमध. चेंडूची तर ठरलेलीच होती. शेवटच्या पानावर ती मध्य ओलांडून डावीकडे गेली होती.

डॉक्टरीण बाईंनी बारा पानं टेबलावर ओळीने लावली. आम्ही सगळे उभे होतो. काही समजावून सांगायची गरज नव्हती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती काळी रेघ एका बाजूने सरकत आली होती, दर पानाला अर्धं बोट. त्यांनी फोन उचलला, सुजेचं औषध थांबवायला सांगितलं आणि शस्त्रक्रियेची खोली कधी मोकळी आहे ते विचारलं. मग त्या आईबापांशी बोलल्या. गाठ आहे. उद्या सकाळी काढू. जेवढं दिसतंय तेवढं वाचवायचा प्रयत्न आहे, गेलेलं परत येईल असं मी सांगणार नाही.

किल्लीवाल्याने विचारलं, सुट्टीच्या आधी आणली असती तर? डॉक्टरीण बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आता उद्याचं बघू. त्या पानांचे फोटो काढून घेऊन बाहेर गेल्या.

खोलीत आम्ही चौघंच राहिलो. मी माफी मागायला सुरुवात केली आणि माझं मलाच ते इतकं बुळबुळीत वाटलं की अर्ध्यात थांबले.  नीटबाईंची नजर टेबलावर होती. मग त्या पुटपुटल्या की पेनाची रेघ निघत नाही, पेन्सिल दिली असती तर बरं झालं असतं, फाईल खराब झाली. मला वाटलं किल्लीवाला आता हात उचलेल. तो खाली बसला आणि रडायला लागला.

त्याची बायको मात्र उठली. तिने टेबलावरच्या पेल्यातली कात्री घेतली. कापडाबिपडाची सवय असलेला हात तिचा, पहिलं पान घेऊन तिने काळ्या रेघेवरून सरळ कापत नेलं. डावीकडचा तुकडा आपल्यापाशी ठेवला, उजवीकडचा बाजूला. मग दुसरं पान. कुणी तिला थांबवलं नाही. बाराही पानं तिने अशीच कापली. डावीकडचे तुकडे तिने फायलीत घातले आणि फीत बांधली. फाईल बरीच हलकी झाली होती. उजवीकडच्या तुकड्यांतून तिने होडीचा तेवढा शोधून काढला आणि माझ्या हातात दिला. उरलेले अकरा नीटबाईंच्या हातात दिले.

“हे तुमचं,” ती म्हणाली. “घरी घेऊन जा.”

नीटबाईंनी ते तुकडे घेतले. कुणाची रुंदी दोन बोटं, कुणाची अर्धं पान. त्यांनी ते टेबलावर उभे धरून हलकेच आपटले, कडा सारख्या करायला. कडा काही सारख्या होईनात. त्यांनी पुन्हा आपटले, पुन्हा, आणि किल्लीची आई त्यांच्याकडे बघत उभी राहिली.  माझ्या हातातला निळ्या पाण्याचा तुकडा मी दुमडत होते, कडेला कड लावून, नीट.